मेन्यूतली दिवंगत मंडळी

गिरणी बंद पडली तेव्हा मी आठवीत होते. वडील तिथे विणकाम खात्यात होते. पुन्हा सुरू होणार, पुन्हा सुरू होणार असं सगळे म्हणत राहिले, आणि म्हणता म्हणता वडिलांनी एक कोळशाची इस्त्री आणि एक जुनं टेबल आणलं. बडोद्याच्या जुन्या वस्तीत, घडियाळी पोळ नावाच्या गल्लीत आमची एकच खोली होती. टेबल बोळाच्या तोंडाशी लागलं. खोलीतल्या एकुलत्या एका खाटेवर लोकांचे कपडे, आणि आम्ही पाच जण खाली फरशीवर. कपड्यांना धूळ लागून चालत नसे. माणसांना लागली तर चालत असे.

एप्रिल-मे महिन्यात बडोद्याचं ऊन काय असतं ते तिथे राहिलेल्यालाच ठाऊक. त्या उन्हात पेटलेल्या कोळशांपाशी उभं राहायचं. वडिलांच्या उजव्या हाताची बोटं कायमची काळी झाली. आई घरोघरी जाऊन कपडे आणायची, पोचवायची. मराठी साहेबलोकांच्या घरी ती मागच्या दाराने जायची. मला कॉलेजात घालायचं ठरलं तेव्हा काका आमच्या खोलीत बसून म्हणाले, ‘‘शिकवून काय करणार? इंग्लिशमध्ये इस्त्री करणार का ती?’’

वडील म्हणाले, ‘‘करेल. तू शर्ट आण.’’

मी बी.कॉम. झाले. घराण्यातली पहिली पदवी माझी. हे मी मुद्दाम सांगते, कारण आमच्याकडे ते सांगायची पद्धत नाही. पदवी असलेल्यांना सांगावं लागत नाही आणि नसलेल्यांना सांगता येत नाही. त्यानंतर कॉम्प्युटरचा एक कोर्स केला आणि फतेगंजमध्ये चपलांच्या दुकानावर असलेल्या एका छोट्या कंपनीत लागले. मालक जिग्नेशभाई. आम्ही वेबसाईट बनवत असू.

तो काळ मजेचा होता. नेट नुकतंच सगळ्यांच्या हाताशी आलं होतं आणि गल्लोगल्ली सायबर कॅफे निघाले होते. ज्याच्याकडे काहीही विकायला होतं त्याला वेबसाईट हवी होती. ती कशासाठी, हे कोणी विचारत नव्हतं. मकरपुऱ्याच्या कारखान्यांतले एक व्हॉल्व्ह बनवणारे आमच्याकडे आले. त्यांना साईट उघडल्यावर आधी गणपती, मग फिरणारं चक्र, मग वडिलांचा हार घातलेला फोटो आणि मग शंखनाद हवा होता. व्हॉल्व्ह कुठे आहेत असं मी विचारलं, तर म्हणाले, ‘‘ए तो अंदर छे ने, बेन! जेने जोईए ए शोधशे.’’ ज्याला पाहिजे तो शोधेल. या एका वाक्यावर माझी पुढली सगळी नोकरी चालली, कारण ज्याला पाहिजे तो शोधत नाही. थोडा वेळ बघतो आणि निघून जातो.

माझ्या कामाला तेव्हा आमच्याकडे नाव नव्हतं. पुढे कार्डावर एक भारदस्त इंग्रजी नाव छापलं गेलं, पण आई शेजाऱ्यांना एवढंच सांगायची की ही कॉम्प्युटरात कुठलं काय कुठे ठेवायचं ते ठरवते. मला याहून चांगलं सांगता आलेलं नाही. दुकानात शिरलात आणि साखर दिसली नाही तर तुम्ही विचारता, ‘साखर कुठे हो?’ वेबसाईटवर विचारायला माणूस नसतो. वरच्या पट्टीत पाच-सात शब्द असतात. त्या पट्टीला मेन्यू म्हणतात. त्यातल्या कुठल्या शब्दामागे साखर असेल हे तुम्ही अंदाजाने ताडायचं. अंदाज चुकला की मागे यायचं, पुन्हा दुसरा शब्द. दोन-तीनदा चुकलं की माणसाला वाटतं, आपल्यालाच जमत नाही. तो उठतो. भांडत नाही, तक्रार करत नाही. म्हणून मालकाला वाटतं, सगळं छान चाललंय.

हे तपासायची रीत अगदी साधी आहे. रस्त्यावरचा एक माणूस पकडायचा, त्याला साईटपुढे बसवायचं, एक काम सांगायचं आणि गप्प बसून बघायचं. यातलं गप्प बसणं बडोद्यात फार अवघड. समोरचा अडला की आपला हात आपोआप पुढे जातो, ‘अहो, तिथे दाबा ना!’ पाहुण्याला अडचणीत बघवत नाही आपल्याला. दुसरी पंचाईत चहाची. चहा पाजलात की तो माणूस तुमची साईट कधीच वाईट म्हणणार नाही. अर्धा तास घाम पुसत शोधेल, काहीही सापडणार नाही, आणि जाताना सांगेल, ‘‘बहु सरस छे, बेन. मारी ज आंख नबळी छे.’’ दोष डोळ्यांचा, साईट छानच. मी दोन गोष्टी शिकले. चहा सगळं झाल्यावर द्यायचा, आणि आधीच सांगून टाकायचं की ही साईट माझी नाही, हिच्यात चुका काढल्यात तर माझं भलं होईल. मग लोक मोकळे होत. दुसऱ्याच्या कामातल्या चुका काढायला कोणालाच शिकवावं लागत नाही.

एवढी प्रस्तावना झाली. आता वसतिगृहाची गोष्ट.

निजामपुऱ्यात एका जुन्या मराठी ट्रस्टची तीन मजली इमारत होती. गावाकडून कॉलेजात शिकायला येणाऱ्या मुलींचं वसतिगृह. त्या ट्रस्टकडून एक दिवस जिग्नेशभाईंना काम आलं. साईट होतीच, ट्रस्टींच्या अमेरिकेतल्या कोणा भाच्याने करून दिलेली. त्यावर फक्त एक पान वाढवायचं होतं: इमारतीचे वरचे दोन मजले भाड्याने देणे आहेत.

‘‘का देताहेत?’’ मी विचारलं.

‘‘छोकरीओ आवती नथी,’’ जिग्नेशभाई म्हणाले. मुली येतच नाहीत. ‘‘हवे बधी पेइंग गेस्ट तरीके रहे छे. आपणे शुं? एक पानुं छे, बनावी नाखो.’’

मी पान बनवायला बसले, त्यासाठी आधी साईट उघडली, आणि बघतच राहिले. वरच्या पट्टीत सहा शब्द होते, आणि सहाही माणसं. कै. सौ. भागीरथीबाई स्मृती भवन. कै. तात्यासाहेब स्मृती मंदिर. कै. गंगूताई कक्ष. कै. बाळासाहेब निधी. आणखी दोन कै. होते. त्याखाली संस्थापकांचे फोटो. ‘वसतिगृह’ किंवा ‘होस्टेल’ हा शब्द पहिल्या पानावर कुठेही नव्हता.

हे का झालं ते मला लगेच कळलं, कारण आपल्या संस्था अशाच उभ्या राहिल्या आहेत. ज्याने देणगी दिली त्याच्या आईचं नाव इमारतीला, वडिलांचं सभागृहाला, आत्याचं पाणपोईला. बैठकांमध्ये सगळे त्याच नावांनी बोलतात. ‘भागीरथीबाईंचा नळ गळतोय’, ‘गंगूताईंना रंग द्यायला हवा’. ट्रस्टींच्या तोंडी ती नावं इतकी बसलेली की ती बाहेरच्याला ठाऊक नसतील हे त्यांच्या मनातच आलं नाही. भाच्याला त्यांनी तीच सांगितली, मानाच्या क्रमाने. पूर्वी ऑफिसच्या खिडकीत एक क्लार्क बसत, मुली येऊन त्यांना विचारत, काम भागत असे. ते निवृत्त झाले. ‘आता सगळं नेटवर आहे’ म्हणून खिडकी बंद केली. त्याच्या पुढच्या वर्षी मुली आल्या नाहीत.

साईटवर कोण येतं, किती आत जातं, हे आम्हाला मागच्या बाजूने बघता येतं. मी बघितलं. लोक येत होते. निकालाच्या दिवसांत तर भरपूर येत होते. पहिल्या पानावर येत होते आणि तिथूनच परत जात होते.

मी जिग्नेशभाईंना दाखवलं. ‘‘मुली येतायत. दारातून परत जातायत.’’

‘‘बेन,’’ ते म्हणाले, ‘‘तमे वेबसाईट बनाववा आव्यां छो के समाजसेवा करवा?’’

‘‘साईट चालत नसेल तर भाड्याचं पान तरी कोणाला दिसणार?’’

यावर ते हसले आणि म्हणाले, जा बाई ट्रस्टकडे, पण पान आधी बनव.

ट्रस्टचे अध्यक्ष अण्णासाहेब. ऐंशीच्या घरातले, ताठ, पांढरा सदरा, बोलणं असं की प्रत्येक शब्द धुऊन ठेवलेला. आजोबा संस्थानात मोठ्या हुद्द्यावर होते. मी ऑफिसात जाऊन माझं म्हणणं सांगितलं, ते शांतपणे ऐकलं आणि विचारलं, ‘‘आपण कुठल्या?’’

‘‘घडियाळी पोळच्या.’’

‘‘अस्सं. तिथे आमचीही काही मंडळी होती.’’

‘‘हो, त्यांचे कपडे आमच्याकडेच यायचे इस्त्रीला.’’

त्यांनी हाताने समोरची खुर्ची दाखवली. मग म्हणाले, ‘‘बसा ना.’’ तोवर मी उभीच होते.

मेन्यूतली नावं बदलून साधे शब्द घालू या, एवढंच माझं म्हणणं होतं. ते त्यांना मान्य नव्हतं. ‘‘भागीरथीबाई म्हणजे माझ्या मातोश्री,’’ ते म्हणाले. ‘‘मी माझ्या हाताने आईचं नाव पुसू? आणि बाकीच्या घराण्यांना काय सांगू? त्यांनी नावाच्या अटीवर दिलंय. शिवाय मुलींना वसतिगृह नकोच आहे आता, काळ बदलला. सत्र सुरू झालं की वरचे मजले भाड्याने जातील. एक कोचिंग क्लास तयार आहे. तळमजल्यावर उरलेल्या पोरी पुढल्या वर्षी शिक्षण संपवून आपापल्या जातील.’’

मी म्हटलं, ‘‘एकदा बघा तरी. मी एक मुलगी घेऊन येते. आपण फक्त मागे बसायचं. बोलायचं नाही.’’

‘‘मी अध्यक्ष आहे.’’

‘‘म्हणूनच बोलायचं नाही.’’

ते कबूल झाले. का झाले कोण जाणे. बहुधा मी हरणार अशी खात्री असावी.

प्रवेशाचे दिवस होते. त्या दिवसांत विद्यापीठाच्या फाटकाशी गावाकडून आलेल्या मुली आणि त्यांचे वडील घोळक्याने उभे असत. मुलीच्या हातात प्लॅस्टिकची पिशवी, त्यात मार्कशीट. वडिलांच्या डोक्यात एकच चिंता, पोरगी राहणार कुठे. तिथे मला हेतल भेटली, डभोईच्या पलीकडच्या गावची, आणि तिचे वडील मनसुखभाई. प्रवेश मिळाला होता, राहायची सोय नव्हती. सोय झाली नाही तर संध्याकाळच्या बसने परत आणि शिक्षण बंद, असं ते सरळ म्हणाले. त्यांनी एका सायबर कॅफेत होस्टेल शोधूनही पाहिलं होतं. मी त्यांना सांगितलं, एक काम आहे, थोडा वेळ लागेल, त्यानंतर मी होस्टेलचं बघते. रिक्षात बसवून निजामपुऱ्याला आणलं.

फाटकावर पाटी होती. कै. सौ. भागीरथीबाई स्मृती भवन. मनसुखभाईंनी वर बघून विचारलं, ‘‘आ शुं छे? दवाखानुं?’’

मला गप्प बसायची सवय होती.

आत कॉम्प्युटरपुढे हेतलला बसवलं, बाजूला वडील. मागे खुर्चीत अण्णासाहेब, काठीवर दोन्ही हात. मी हेतलला गुजरातीत सांगितलं, ‘‘ही एका संस्थेची साईट आहे. मी बनवलेली नाही. यात मुलींसाठी राहायची सोय आहे का, ते शोधून सांग. नाही सापडलं तर तसं सांग, तुझी परीक्षा नाही.’’

तिने पट्टी वाचली. ओठ हलवत, एकेक नाव. मग पहिल्या नावावर बोट ठेवून वडिलांना हळूच म्हणाली, ‘‘आ कोई माताजीनुं मंदिर हशे.’’ कुठल्यातरी माताजीचं देऊळ असेल.

‘‘तो रहेवा दे,’’ वडील म्हणाले. ‘‘मंदिरमां शुं काम?’’

तिने तात्यासाहेब उघडले. सभागृहाचा फोटो आला. मागे आली. गंगूताई उघडल्या. वाचनालय. पुन्हा मागे. बाळासाहेबांमध्ये हिशेब तपासनिसांचा अहवाल होता. तिचा वेग कमी कमी होत गेला. मानेवर घाम दिसायला लागला. मागून काठी आपटली.

‘‘अगं, पहिलं! पहिलंच बघ ना!’’

‘‘अण्णासाहेब,’’ मी म्हटलं, ‘‘श्श.’’

त्यांना आयुष्यात कोणी श्श म्हटलं असेल असं वाटत नाही. ते माझ्याकडे बघत राहिले. पण गप्प बसले.

हेतलने बाकीची पाचही नावं उघडून पाहिली. भागीरथीबाई, ज्यांच्यामागे वसतिगृहाचं पान होतं, त्या मात्र तिने उघडल्याच नाहीत. देवळात होस्टेल कशाला असेल? शेवटी तिने हात मांडीवर घेतले आणि वळून अण्णासाहेबांकडे पाहून म्हणाली, ‘‘साहेब, आमां होस्टेल छे ज नहीं.’’

यात होस्टेल नाहीच. हे ती होस्टेलच्या तळमजल्यावर बसून सांगत होती. खिडकीतून आवारातल्या दोरीवर वाळत घातलेल्या ओढण्या दिसत होत्या.

‘‘पण साईट सरस छे,’’ तिने घाईने जोडलं. साईट माझी नाही हे सांगूनही चांगुलपणा सुटत नव्हता. ‘‘मने ज नथी आवडतुं वापरता.’’ मलाच वापरता येत नाही.

मनसुखभाई उठले. ‘‘चाल बेटा. बस पकडवानी छे.’’ माझ्याकडे वळून हात जोडले. मी त्यांना होस्टेलचं बघते म्हटलं होतं ते ते विसरले नव्हते. त्यांचा विश्वासच नव्हता.

मी अण्णासाहेबांकडे बघितलं. आता बोलायची पाळी त्यांची होती.

‘‘थांबा,’’ ते म्हणाले. मग गुजरातीत, ‘‘बेसो, भाई. चा पीओ.’’ आणि मुलीला विचारलं, ‘‘माताजी म्हणालीस ना तू? देऊळ?’’

तिला मराठी कळलं की नाही कोण जाणे, पण आपण काहीतरी चुकीचं बोललो एवढं कळलं. तिचा चेहरा उतरला.

अण्णासाहेब माझ्याशीच बोलल्यासारखे बोलले. ‘‘आई देवळात फारशी जात नसे. वेळच नसायचा तिला. आमच्या घरात कायम कोणाच्या ना कोणाच्या मुली राहायला. शहरात शिकायची सोय होती, राहायची नव्हती. आई सगळ्यांना ठेवून घ्यायची. माझ्या खोलीत चार मुली आणि मी ओसरीवर. मला राग यायचा. मुली दार वाजवायच्या तेव्हा त्यांना तिचं नावही ठाऊक नसायचं. ‘इथे मुली राहतात ना?’ असं विचारायच्या. हीच तेवढी ओळख होती घराची.’’

त्यांनी काठीने कॉम्प्युटरवरची पट्टी दाखवली. मग म्हणाले, ‘‘तेच लिहा वर.’’

‘‘काय?’’

‘‘मुली राहतात असं. वसतिगृह. होस्टेल. गुजराती, इंग्रजी, काय लिहायचं ते लिहा. पहिला शब्द तोच.’’ आणि मग शिपायाला हाक मारली, ‘‘वरच्या खोल्यांच्या किल्ल्या आण. या मुलीला दाखव.’’

मनसुखभाईंना मी समजावून सांगितलं की आपण बसलोय तेच होस्टेल. ते आधी माझ्याकडे, मग छताकडे बघत राहिले. ‘‘तो लखता केम नथी?’’ त्यांनी विचारलं. मग लिहीत का नाही? इतक्या वर्षांच्या नोकरीत माझ्या कामाबद्दल याहून नेमका प्रश्न मला कोणी विचारलेला नाही.

बाकीच्या घराण्यांचं काम अण्णासाहेबांनी स्वतः केलं. आपल्याकडे मानाचा एक हिशेब असतो. पहिल्या मानाच्या माणसाने जागा सोडली की खालच्यांना हट्ट धरता येत नाही. त्यांनी बैठकीत एवढंच सांगितलं की मी माझ्या आईचं नाव मेन्यूतून काढतोय, आता ज्याला आपलं ठेवायचं असेल त्याने सांगावं. बाकीचीही नावं निघाली. एका घराण्याने मात्र त्यानंतर बैठकीला यायचं सोडलं. त्यांचं दुःख खोटं नव्हतं. त्यांनी मनापासून दिलं होतं आणि नाव दिसावं एवढीच अपेक्षा होती.

आम्ही नावं फेकून दिली नाहीत. पट्टीत आता साधे शब्द आले: वसतिगृह, प्रवेश, जेवण, वाचनालय, सभागृह, पत्ता. त्या त्या पानावर गेलात की वर त्या माणसाचं नाव, फोटो आणि त्याने काय केलं ते चार ओळींत. वसतिगृहाच्या पानावर भागीरथीबाईंबद्दल काय लिहायचं ते अण्णासाहेबांनी सांगितलं. आपल्या रागाचंही लिहा म्हणाले. ते मी लिहिलं नाही. फाटकावरच्या पाटीखाली ‘मुलींचं होस्टेल’ अशी दुसरी पाटी लावून घेतली. बंद खिडकी पुन्हा उघडायचं मात्र मला जमलं नाही. त्यासाठी माणूस ठेवायला ट्रस्ट तयार झाला नाही.

माझ्या धंद्यातली बोचणारी गोष्ट एकच आहे. साईट दुरुस्त झाल्यावर जे येतात ते दिसतात, मोजता येतात. आधी जे परत गेले ते कोण होते हे कधीच कळत नाही. खिडकी बंद झाल्यावर पहिल्या वर्षी पहिल्या पानावरून निघून गेलेल्या मुली होत्या. त्यातली कोण संध्याकाळच्या बसने परत गेली, कोणाचं शिक्षण थांबलं, कोणाला दुसरीकडे सोय मिळाली, काहीच माहीत नाही. त्यांनी भांडण केलं असतं तर ट्रस्टला वर्षभर आधीच समजलं असतं. पण त्या ‘मलाच येत नाही’ म्हणून उठल्या.

भाड्याचं पान मी जिग्नेशभाईंना कबूल केल्याप्रमाणे बनवून ठेवलं होतं. ते साईटवर कधी चढलंच नाही. कोचिंग क्लासला नाही म्हणून सांगण्यात आलं. त्या जूनमध्ये हेतलनंतर मुली येत राहिल्या आणि सत्र सुरू व्हायच्या आधी तिन्ही मजल्यांच्या खोल्या भरल्या. पुढच्या वर्षी काहींना नाही म्हणावं लागलं. हेतल तिथे राहून पदवीधर झाली. वसतिगृह आजही चालू आहे.